मिठागराची तालीम

१

सुरुवातीलाच आभार मानून घेतो. ते नेमके कुणाचे मानायचे हे मला शेवटपर्यंत सांगता येणार नाही, पण तेवढ्यासाठी ते राहून जायला नकोत.

आमचा वाद्यवृंद नेरूळचा. सोळा माणसं आणि सगळी तारांची वाद्यं: दहा व्हायोलिन, तीन व्हिओला, दोन चेलो, एक डबल बेस. दर रविवारी सकाळी साडेनऊला एका शाळेच्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तालीम असते. रविवारी शाळेची लिफ्ट बंद, त्यामुळे डबल बेसवाला आमच्यातला सगळ्यात धडधाकट माणूस आहे. बाकीचे बहुतेक निवृत्त, किंवा निवृत्तीला टेकलेले. अर्धवर्तुळात खुर्च्या, दोघांत एक स्टँड, मागे तीन हात मोकळी जागा आणि मग भिंत. खाडीकडच्या वाऱ्याने कागद उडतात, म्हणून प्रत्येकाच्या पेटीत कपडे वाळत घालायचे दोन चिमटे असतातच.

मी सुधीर. पस्तीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं. इथे मी तिसऱ्या स्टँडवर आतल्या बाजूला बसतो. माझ्या शेजारी उज्वला, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेली. आतल्याने पान उलटायचं हा आमच्यातला जुना नियम, म्हणून पानं मी उलटतो आणि मात्रा ती मोजते. तिचं मोजणं इतकं पक्कं की मी मोजायचं कधीच सोडून दिलंय. समोर चेलोवर नंदकिशोर. त्याचं आयुष्य न्हावा शेव्याला कस्टमची कागदपत्रं सोडवण्यात गेलं, त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की तो आधी चूक शोधतो. समोर काठी घेऊन आमच्याकडून वाजवून घेणारा ऋषी चाळिशीचा आहे, शांत आहे, आणि आम्हा म्हाताऱ्यांची भांडणं सोडवून त्याचे केस अकाली पांढरे झालेत.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपासून माझ्या डाव्या हाताची करंगळी ऐकत नाही. तारेवर टेकवली की थरथरते, जास्त वेळ ठेवली की आत वळते. डॉक्टर म्हणाले, वय. मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दहा व्हायोलिनच्या गर्दीत एकाची चोरी खपून जाते. अवघड जागा आली की मी बो, म्हणजे आमचा गज, तारेवर टेकल्यासारखा करून नुसता फिरवत होतो.

सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती. ज्याला वाजवणं झेपत नाही त्याने खुर्ची सोडावी, हा नियम मीच केलेला. तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या व्हिओलावाल्याच्या घरी मीच गेलो होतो आणि म्हणालो होतो, "आता पुरे करा." त्याने मला चहा पाजला, खाली गेटपर्यंत सोडायला आला. तो चहा मला अजून आठवतो.

२

गेल्या वर्षी जुलैत ऋषी एका मुलीला घेऊन आला. गीतांजली, तिशीतली, नेरूळमध्येच वाढलेली, बाहेर जाऊन शिकून आलेली. तिने आमच्यासाठी चौदा मिनिटांची रचना लिहिली होती. नाव 'मिठागर'.

आम्ही आजवर जे वाजवत आलो ते लोकांना घरी जाताना गुणगुणता येतं. दोन-तीन वॉल्ट्झ, एखादी सेरेनेड, शेवटी जुनी सिनेमाची गाणी, टाळ्या. 'मिठागर'मध्ये गुणगुणण्यासारखं काही नव्हतं. कुठे बोच्या केसांऐवजी त्याच्या काठीने तारेवर टकटक करायची. कुठे पाच मात्रांनंतर सात आणि सातानंतर साडेतीन. आणि मुख्य म्हणजे सोळा जणांचे सोळा वेगळे कागद. कुणाचं कुणाशी जुळत नाही. लपायला जागाच नाही.

"मॅडम," नंदकिशोर पहिल्याच दिवशी म्हणाला, "हा माल चुकीच्या बंदराला उतरलाय. आमी असला वाजवत नाय."

"काका, एकदा वाजवून तर बघा."

"वाजवलं ना आत्ता. तुमाला कळलं कुठे चुकलो ते?"

"कळलं," ती म्हणाली. "नवव्या ओळीत तुम्ही वाजवलंच नाहीत."

  या मुलीला सोळा ओळी वेगवेगळ्या ऐकू येत होत्या.

माझा कागद मी घरी जाऊन पाहिला. निम्म्याहून जास्त ठिकाणी तो बारीक, शिट्टीसारखा सूर, ज्याला पहिलं बोट दाबून धरायचं आणि करंगळी तारेला नुसती टेकवायची. करंगळी हलली की सूर मेला. आणि शेवट तर माझ्या एकट्याच्या गळ्यात बांधला होता. एकेक करून पंधरा जण थांबतात आणि माझा एकट्याचा सूर उरतो. त्याच्यावर किती मात्रा हे लिहायच्या जागी तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'संपेपर्यंत'.

तेव्हापासून विरोधाचा म्होरक्या मी झालो. हे संगीत नाही, हा श्रोत्यांचा अपमान आहे, असं मी तावातावाने बोलायचो. सगळ्यांच्या सह्यांचं पत्रही मीच लिहिलं. ऋषीने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "वाशीचं थिएटर बुक झालंय. डिसेंबरचा दुसरा रविवार. ज्याला नाही वाजवायचं त्यानं आत्ता बोलावं. टेन्शन नाही, मी दुसरा माणूस बघतो."

 खुर्ची सोडायची कुणाचीच तयारी नव्हती.

चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांना हसवायला म्हणून शूटिंगचा एक किस्सा सांगितला. पूर्वी सिनेमात पार्टीचा सीन असला की मागे वादक म्हणून भलत्यांनाच बसवायचे. त्यांच्या हातून तारा किंचाळू नयेत म्हणून बोच्या केसांना कोरडा साबण चोळून द्यायचे. साबण लागला की केसांना लावायची राळ धरत नाही, केस तारेवरून नुसते घसरतात, कितीही जोर लावा, आवाज म्हणून येत नाही.

"मिठागराला तोच उपाय," मी म्हणालो. "सगळ्यांनी साबण लावा आणि बसा डोलत."

सगळे खोखो हसले. उज्वलाला तर ठसका लागला.

३

हसून झालं, आणि त्याच आठवड्यात मी ते केलं.

बुधवारी सुचित्रा, माझी बायको, भाजी आणायला गेली होती. मी बाथरूमचं दार लावून बसलो. नवा चंदनाचा साबण सोडला आणि बोच्या केसांना वरपासून खालपर्यंत चोळला. पस्तीस वर्षं या बोने मला पोसलं होतं.  मग तारेवर ओढून पाहिला. काही नाही. बोटाखाली तार जराही हलली नाही.

थरथरत्या करंगळीने चुकून किंचाळण्यापेक्षा मुकं बसलेलं बरं, असा माझा हिशेब होता. गीतांजली म्हणेल, काका, तुमचं ऐकू येत नाही. मी म्हणेन, इतकं नाजूक लिहिलंस, ऐकू कसं येणार? चार रविवार वाद घालता आला असता. तोवर ती कंटाळली असती आणि माझी ओळ दुसऱ्याला दिली असती.

रविवारी तालीम सुरू झाली. माझी जागा आली तशी मी बोटं ठेवली आणि बो फिरवला.

सूर आला.

बारीक, सरळ, जराही न थरथरणारा. माझ्या कागदावर लिहिलेला, माझ्या जागी, माझ्या डाव्या कानाच्या किंचित मागून. बोटाखालची तार मात्र मेलेलीच होती. मी दचकून बो थांबवला. सूर थांबला नाही. त्याने ती ओळ पुरी केली, श्वास घ्यावा तेवढा थांबला आणि पुढची सुरू केली. मी पान उलटायचं विसरलो. उज्वलाने कधी नव्हे ते स्वतः उलटलं.

"सुधीरजी," ऋषी काठी खाली करत म्हणाला, "सुंदर."

समोर कागद घेऊन बसलेली गीतांजली माझ्याकडे बघून हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

४

मी वेडगळ माणूस नाही. आवाजाच्या धंद्यात आयुष्य गेलंय. शेजारच्या तारेवर सूर लागला की आपली तार आपोआप गुणगुणते, हे मला माहीत आहे. रिकामा हॉल कोपऱ्यातला आवाज भलतीकडून ऐकवतो, हेही माहीत आहे. मी घरी बसून सगळा विचार केला आणि एकच उत्तर निघालं. उज्वला.

तिने माझी करंगळी पाहिली असणार. एका हातावर बसून दोन वर्षांत दिसली नसेल कशी? आणि ती काही न बोलता आपली ओळ वाजवता वाजवता माझीही वाजवत असणार. एका बोखाली दोन तारा धरता येतात. अवघड आहे, या रचनेत तर जवळपास अशक्य, पण दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला भरून आलं. जी दया मी त्या व्हिओलावाल्यावर केली नाही, ती माझ्यावर कुणीतरी करत होतं.

पुढच्या रविवारी मी तिच्यासाठी सुचित्राच्या हातच्या खोबऱ्याच्या वड्या नेल्या.

"उज्वलाताई, तुमचे उपकार आहेत," मी हळूच म्हणालो. "मी विसरणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग घाईने नजर वळवली. तिने पिशवीतून डबा काढला. ओल्या काजूची उसळ.

"मीच आणणार होते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्यामुळे निभावतंय माझं, सुधीरदादा. मला कळत नाही असं समजू नका."

हा तिचा मोठेपणा, असं मी समजलो.

तो रविवार असा विचित्र गेला. नंदकिशोर आपल्या शेजारच्या चेलोवाल्याचं वाद्य चार मजले स्वतः उचलून घेऊन आला होता. हे दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पहिल्या स्टँडवरचे दोघं एकमेकांना पाणी देत होते. कुणी कुणासाठी थालीपीठं आणली होती. चहाच्या सुट्टीत जो तो कुणाचा ना कुणाचा हात हातात घेऊन हळू आवाजात काहीतरी बोलत होता. 'मिठागर'ला कुणी नावं ठेवेना. तालीम मात्र अशी उतरत होती की ऋषी मधेमधे काठी हलवायचाच थांबे.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण सोळा खवचट म्हातारे एकाच आठवड्यात गोड झालेले बघून मानेवरून थंड वारा गेल्यासारखं वाटलं. वारा खिडकीतून येतो, आणि खिडकी माझ्या समोर होती.

५

त्या शाळेत भैरू नावाचा शिपाई आहे. मूळचा साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा. तालमीनंतर हॉल झाडून कुलूप लावणं त्याचं काम. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी चष्मा विसरलो म्हणून परत वर गेलो, तर तो झाडू धरून उभा होता.

"सायेब, एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमच्या त्या बाज्यांचं पांढरं पीठ पडायचं बगा खुर्च्यांखाली. दर इतवारी माझी कंबर मोडायची ते झाडताना."

"राळ असते ती. बोला लावतो आम्ही. तारेवर घासली की खाली झडते."

"आसंल. तर ते आता पडंना झालंय. खुर्च्यांखाली फरशी लख्ख."

 माझ्या खुर्चीखाली पडत नव्हतं त्याचं कारण मला ठाऊक होतं. बाकीच्यांचं मनात आलं नाही. खरं सांगायचं तर मी येऊ दिलं नाही.

"मंग आता हितं का पडतंय?" भैरू म्हणाला आणि मागच्या भिंतीकडे गेला. मी त्याच्या मागे गेलो.

आमच्या शेवटच्या खुर्च्या आणि भिंत यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात फरशीवर बारीक पांढरी पूड होती. एकसारखी पसरलेली नाही. ठिपक्या ठिपक्यांनी, मधे दीड-दीड हात जागा सोडून, अर्धवर्तुळात.

"हिकडं कोन बसतं?" भैरूने विचारलं.

"कुणी नाही. वाऱ्याने उडत असेल."

"आसंल," तो म्हणाला आणि झाडू लागला. मी ठिपके मोजले नाहीत. चष्मा घेतला आणि चार मजले उतरून आलो. घरी आल्यावर सुचित्राने विचारलं, "चेहरा का असा झालाय?" मी म्हणालो, जिने चढलो.

"हल्ली घरी एकदाही वाजवत नाही तुम्ही," ती म्हणाली. "प्रोग्रॅम पंधरा दिवसांवर आला. मला आपलं स्वयंपाकघरात ऐकायची सवय."

मी म्हणालो, वाजवीन.

६

वाशीचं थिएटर तीन चतुर्थांश भरलं होतं. संध्याकाळी साडेसहाची वेळ. आधी वॉल्ट्झ झाले, मग सिनेमाची गाणी. त्यासाठी मी जुना दुसरा बो वापरला, सोप्या जागा वाजवल्या, अवघड जागी हात फिरवला. मग पाच मिनिटं थांबून 'मिठागर'. मी पेटीतून साबणाचा बो काढला. आजूबाजूलाही बो बदलण्याची खुडबुड चालली होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्या पाठीशी काळा पडदा होता आणि पडद्यामागे हातभर अंतरावर भिंत.

ऋषीने काठी उचलली आणि सुरू झालं.

मी आयुष्यात जे काही ऐकलं त्यात इतकं चांगलं काही नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. ज्याला आम्ही गोंगाट म्हणत होतो तो मोकळा झाला होता. सोळा ओळी सोळा वाटांनी चालल्या होत्या, कुणी कुणाचा पाय अडवत नव्हता. पाणी आटतं आणि खाली पांढरं उरतं, तसं ते हळूहळू उघडं पडत होतं. मी बो फिरवत होतो आणि रडत होतो. या मुलीविरुद्ध मी पत्र लिहिलं होतं.

रंगमंचावरच्या दिव्यांनी सगळं तापलं, आणि मला वास आला. माझ्या बोचा, चंदनाचा. तो ओळखीचा होता. मग उज्वलाचा हात वर आला आणि लिंबाचा वास आला. पुढच्या स्टँडवरून कडुनिंबाचा. नंदकिशोरकडून हॉस्पिटलात असतो तसला लाल साबणाचा. गुलाब. हळद. लहान मुलांच्या अंगाला येतो तो दुधाळ वास. सोळा बो एकदम वर गेले, एकदम खाली आले, आणि सोळा घरांची न्हाणीघरं रंगमंचावर दरवळली.

मी उज्वलाच्या बोकडे बघितलं. केस तारेवरून घसरत होते. त्यांना काहीही लागत नव्हतं. ती समोर बघत होती आणि तिचे ओठ मात्रा मोजत होते.

आणि संगीत आमच्या पाठीमागून चाललं होतं.

मागे बघायचं नाही, हे वादकाला पहिल्या दिवशी शिकवतात. कुणीच बघितलं नाही. एकेक ओळ थांबत गेली, तसतसे एकेक बो खाली आले. शेवटी मी एकटा उरलो. माझा बारीक सूर सभागृहभर एकटाच उभा होता. मी बो तारेवरून उचलून मांडीवर ठेवला. सूर होता तसाच राहिला. ऋषी माझ्याकडे बघत होता. त्याने हळूहळू मूठ मिटली, म्हणजे थांबा. सूर थांबला नाही. त्याने परत मूठ मिटली. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. मी काय थांबवणार? तो माझा नव्हता. 'संपेपर्यंत' असं कागदावर लिहिलं होतं, आणि संपवणं माझ्या हातात नव्हतं.

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि त्या भीतीच्या पोटात, कसं सांगू, माया दाटून आली. पाच महिने कुणीतरी माझी लाज राखली होती. मी ओठ न हलवता, मनातल्या मनात म्हणालो, उपकार झाले, आता राहू द्या.

सूर थांबला.

टाळ्या सुरू झाल्या. ऋषीने दोन्ही हात वर करून आम्हाला उठवलं. आम्ही उठलो, वाकलो. मग त्याने आमच्या डोक्यांवरून मागे बघितलं, अगदी सहज, रोजच्यासारखं, आणि पुन्हा एकदा दोन्ही हात वर केले. उठा.

आमच्या पाठीमागे, पडदा आणि भिंत यांच्यातल्या हातभर जागेत, पुष्कळ खुर्च्या मागे सरकल्या.

काळा पडदा माझ्या पाठीला हलकेच लागला आणि पुन्हा सरळ झाला. आत कुणीतरी वाकावं तसा.

७

ग्रीनरूममध्ये पेट्या बंद झाल्याचे आवाज तेवढे. मी ऋषीला विचारलं, "दुसऱ्यांदा कुणाला उठवलंस?"

"एकदाच उठवलं की," तो म्हणाला आणि घाम पुसत राहिला.

गीतांजलीने येऊन सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. माझ्यापाशी आली तेव्हा मी पाय मागे घेतले.

मंगळवारी मी दादरला गेलो. तिथे एका जुन्या जिन्याखाली डिकॉस्टा अंकल बो दुरुस्त करतात, केस बदलून देतात. त्यांनी माझा बो नाकाशी धरला आणि मला म्हणाले, "क्या रे, तुम लोग को बजाने का है के नहाने का?"

"म्हणजे?"

"कलसे तू पंदरावा. सगळा नेरूळ. सगळ्याला साबण. चेलोवाला तर रडला इथे बसून." ते भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले. तिथे खिळ्यांना ओळीने चौदा बो लटकत होते, जुने केस काढलेले, नुसत्या काठ्या.

जिन्यावर पावलं वाजली. उज्वला होती. हातात लांबट पिशवी. मला बघून ती दारातच थांबली.

"सोळावा," डिकॉस्टा म्हणाले.

आम्ही दोघं बाहेर फुटपाथवर येऊन उभे राहिलो. 

"तुम्ही माझी ओळ वाजवत होता ना?" तिने विचारलं. तिला हो ऐकायचं होतं.

"नाही. मला वाटलं, तुम्ही माझी वाजवताय."

तिने डोळे मिटले. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, सुधीरदादा. दीड वर्ष झालं. म्हणून मी मोजते. नुसतं मोजते."

मग मी तिला माझी करंगळी दाखवली. ती भर रस्त्यात थरथरत होती. तिने ती आपल्या हातात धरली आणि थोडा वेळ सोडली नाही. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच कुणीतरी धरली होती.

त्या रात्री सुचित्राला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऋषीला फोन केला आणि म्हणालो, खुर्ची सोडतो. तो म्हणाला, "तुम्ही सहावे. मी कुणालाच खुर्ची सोडू देत नाही. जानेवारीत पनवेलला परत 'मिठागर' आहे. तालमीला या." त्या म्हाताऱ्या व्हिओलावाल्याच्या घरीही मी गेलो. या वेळी चहा मी केला, त्यांच्याच स्वयंपाकघरात. ते येतो म्हणाले.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सोळा जण नवे केस लावलेले बो घेऊन बसलो. ते म्हातारे व्हिओलावाले कोपऱ्यात ऐकायला बसले होते. सगळीकडे राळेचा वास होता. ऋषीने काठी उचलली आणि आम्ही 'मिठागर' खरोखर वाजवायला सुरुवात केली.

भयंकर झालं. पाचानंतर सात कुणालाच जमेना. नंदकिशोर नवव्या ओळीत बुडाला आणि मोठ्याने शिवी देऊन परत वर आला. उज्वलाने मोजलं ते बरोबर मोजलं, पण सूर आमच्या डोक्यावरून गेले. माझ्या करंगळीने शेवटचा सूर धरला, थरथरवला आणि मधेच तोडला. तो संपला नाही, तुटला. मी मान खाली घातली. खुर्चीखाली फरशीवर पांढरी पूड पडली होती, माझीच.

"काका," गीतांजली समोरून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "परत एकदा. प्लीज. ती थरथर राहू दे."

मी पानं उलटून पहिल्या पानावर आणली. उज्वलाने चिमटा लावला. हॉल शांत झाला, आणि मागे, भिंतीपाशी, खुर्च्या सरकल्या. लोक ऐकायला नीट बसतात तशा, एकामागून एक, आणि मग सगळं स्थिर झालं.

कुणी मागे बघितलं नाही. नंदकिशोरने गुरूचं नाव घेताना लावतात तसा हात कानाला लावला. मी मनातल्या मनात आभार मानले, आणि थरथरणारी करंगळी तारेवर टेकवली.